मडगार्डातला आवाज

सांबण्णांच्या शेडमध्ये गाडी घेऊन येणाऱ्याच्या हातात आधी पाटी दिली जायची. शाळेतली असते तशी, लाकडी चौकटीची, दोरीने खुंटीला बांधलेली. गाडीचं काय बिघडलं ते तोंडाने सांगायचं नाही, पाटीवर लिहायचं. "हॉर्न आपोआप वाजतो", "सेल्फ उचलत नाही", "डावा दिवा मंद", असं तमिळमध्ये दोन-चार शब्दांत. ज्याला लिहिता येत नसे त्याच्यासाठी त्यांची बायको, कमलावैनी, घरातून बाहेर यायची आणि त्याचं ऐकून लिहून द्यायची. वकील असो की लॉरीचा क्लीनर, सूट कुणालाच नव्हती.

"तोंडानें सांगितलेलें संध्याकाळीं बदलतें," सांबण्णा म्हणायचे. "लिहिलेलें बदलत नहीं."

तंजावरात ही त्यांची शिस्त म्हणून सगळ्यांना माहीत होती. मीही कित्येक वर्षं तसंच समजत होते.

त्यांचं नाव सांबमूर्तिराव. मेल वीदीवर, म्हणजे पश्चिमेच्या रस्त्यावर, एका लांबट घरात पुढच्या दोन खोल्यांत ते आणि वैनी राहायचे, मागच्या दोन खोल्यांत आई आणि मी. घराच्या बाजूला ताडपत्रीने शाकारलेली शेड होती तेच त्यांचं दुकान. तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यात तिकडे जाऊन राहिलेली आमची दोन्ही घराणी. घरात बोलायचो मराठी, पण लिहिणं-वाचणं तमिळ नाहीतर इंग्रजी. मी देवनागरी शिकले ती पुढे लग्न होऊन पुण्याला आल्यावर. आज मी जी मराठी लिहिते आहे ती सांबण्णांना पुस्तकी वाटली असती. त्यांची मराठी जुन्या वळणाची होती. 'सगळं' म्हणायला ते 'अस्कें' म्हणायचे, 'नाही'ला 'नहीं', आणि काही मनासारखं झालं की 'बेष अहे'.

मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. साठ-एकसष्टचा सुमार. वय चोवीस-पंचवीस. पहाटेची पाळी असली की दुपारी दोनला घरी यायची आणि शेडवरूनच आत जायची, त्यामुळे रोज त्यांचं काम दिसायचं. उंच, सडसडीत माणूस, पन्नाशीच्या अलीकडचा. वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं नेसलेलं धोतर, गुडघ्यापर्यंत दुमडलेली, वर अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट. कपाळावरची विभूती दुपारपर्यंत घामाने धुऊन जायची. काम नेहमी उभ्याने करायचे. संध्याकाळी हात आधी रॉकेलने आणि मग शिकेकाईने धुवायचे, तेव्हा ते शेजारी येऊन बसले की हे दोन्ही वास बरोबर यायचे.

गाडीतलं विजेचं तेवढं त्यांचं. डायनमो, सेल्फ, हॉर्न, बॅटरी, दिवे. इंजिनाला हात लावायचे नाहीत. आणि तेलाचा त्यांना राग होता. काही अडकलं, करकरलं की लोक तेल सोडतात. सांबण्णा सोडलेलं तेल पुसून काढायचे. "तेलावर धूळ बसते, धुळीवर परत तेल. पुसून पाहिल्याशिवाय बिघाड दिसत नहीं," म्हणायचे. काम पुरं झाल्यावर 'दुरुस्त झाली' हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. किल्ली हातात देताना म्हणायचे, "अत्ता चालतें."

लग्नकार्यात ते नेमके नादस्वरवाल्यांच्या पुढ्यात जाऊन बसायचे, जिथे बाकीचे कानांवर हात ठेवायचे तिथे. लोक म्हणायचे, मोठा रसिक माणूस. पंगतीत कुणी विनोद केला तर ते हसायचे, पण सगळ्यांच्या मागून. आणि आपणहून बोलायला लागले की दुसऱ्याला बोलू द्यायचे नाहीत. ह्या सगळ्याला स्वभाव म्हणतात असंच मला वाटायचं.

ओरत्तनाडूच्या पुढे दोन मैलांवर, कालव्याच्या काठी, एका मिरासदारांचं गाव होतं. त्यांनी मद्रासच्या कुणा परत जाणाऱ्या परदेशी माणसाकडून एक अमेरिकन गाडी घेतली होती. फिकट हिरवी, एवढी लांब की आमच्या वीदीत वळताना दोनदा मागे-पुढे करावी लागायची. गियर आपोआप पडायचे. तिच्यात रेडिओ होता, आणि रेडिओ लावला की पुढच्या मडगार्डातून एक चकचकीत दांडी आपली आपण वर यायची. ते विजेचं एरियल. रेडिओ बंद केला की दांडी एकात एक शिरत खाली जाऊन गुडूप व्हायची. त्या गावात वीज आलेली नव्हती. संध्याकाळी गाडी ओट्यासमोर लावायची, दांडी वर जायची आणि अर्धा गाव तिरुच्ची केंद्राचं गाणं ऐकायचा.

पोंगल झाला आणि दोन-चार दिवसांनी ती गाडी सांबण्णांकडे आली. दांडी अर्ध्यावर अडकली होती. मद्रासच्या एका वर्कशॉपने आधीच भरपूर तेल ओतलेलं, आणि वर सांगितलेलं की नवीन एरियल अमेरिकेहून मागवावं लागेल. गाडीबरोबर माणिक्कम आला होता, मिरासदारांचा ड्रायव्हर. तिशीचा, अबोल, गाडीच्या काचेला बोट लागलं तरी लगेच पुसणारा. त्याने पाटीवर लिहिलं, "एरियल अडकलं. गाडी लवकर पाहिजे. घरात बाळंतपण आहे." मिरासदारांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि गावात दुसरी मोटार नव्हती.

सांबण्णांनी दोन दिवस त्या दांडीवर घालवले. नळ्यांसारखे तिचे पाच तुकडे, एकात एक बसणारे. एकेक तुकडा त्यांनी रॉकेलच्या चिंधीने पुसून काढला, तेव्हा चिंधीवर काळं चिखलासारखं येत होतं. आतून दांडीला वर ढकलणारी जी तार असते ती तुटली होती. त्यांनी मोडीत काढलेल्या एका गाडीच्या स्पीडोमीटरची तार कापून तिथे बसवली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाळीवरून आले तेव्हा वीदीतली दहा-पंधरा माणसं गोळा झाली होती. माणिक्कमने रेडिओ लावला. दांडी उन्हात लकाकत वर गेली. बंद केला, खाली गेली. तीनदा वर, तीनदा खाली. सांबण्णा दोन पावलं मागे उभे राहून डोळे बारीक करून पाहत होते. माणिक्कमने लगेच इंजिन सुरू केलं, त्याला उजेडात गावी पोचायचं होतं.

"बेष अहे," सांबण्णा म्हणाले. "अत्ता चालतें."

पुढच्या दहा दिवसांत शेडमध्ये विशेष काही घडलं नाही. मग एका गाडीवानाने त्या गाडीची बॅटरी आणून टाकली, पूर्ण उतरलेली. सांबण्णांनी ती भरून परत दिली. दोन दिवसांनी गाडीच आली. चालवणारा माणिक्कम नव्हता. दुसराच एक वयस्क ड्रायव्हर होता, गालात विडा धरलेला. त्याने पाटीवर लिहिलं, "बॅटरी एका रात्रीत उतरते."

मी पाळीवरून आले ती ह्याच वेळी. नवा ड्रायव्हर इंजिन बंद करून खांबाला टेकला होता. सांबण्णा पाटी वाचत होते. मी शेडमध्ये पाय ठेवला आणि मला बारीक आवाज ऐकू आला. घड्याळासारखा, पण घड्याळापेक्षा भरभर. टिक्-टिक्-टिक्-टिक्.

"अण्णा," मी म्हटलं, "गाडींत काय वाजतें अहे?"

त्यांनी वर पाहिलं. माझ्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. "काय?"

"आंत कांहीं वाजतें अहे. ह्या मडगार्डांत."

"गाडी बंद अहे."

"बंद अहे, तरी वाजतें."

त्यांनी पाटी खाली ठेवली. पुढे येऊन त्या हिरव्या मडगार्डावर उजवा तळवा टेकवला आणि तसेच उभे राहिले. मग डावाही टेकवला. दांडी पूर्ण आत होती. बाहेरून काहीच हलत नव्हतं. पण तळव्यांखाली काहीतरी फिरत असलेलं त्यांना कळलं असावं.

"केव्हांपासून वाजतें?"

"मी आलें तेव्हांपासून."

नवा ड्रायव्हर विडा चघळत तमिळमध्ये म्हणाला, "ते असंच वाजतं. पहिल्या ड्रायव्हरला ह्या बॅटरीपायीच काढलं." आणि पुढे त्याने सगळं सांगितलं. सांबण्णा त्याच्या हलणाऱ्या गालांकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे वळले. "काय म्हणतो? तूं सांग."

तेव्हा मला कळलं. पाटी कशासाठी होती, ते नादस्वराच्या पुढ्यात का बसायचे, हसायला त्यांना उशीर का व्हायचा, सगळं एका क्षणात. पण त्याचा विचार करायला वेळ नव्हता, कारण ड्रायव्हर जे बोलला होता ते मला मोठ्याने, सावकाश, त्यांच्या तोंडासमोर उभं राहून सांगायचं होतं.

मी सांगितलं. गाडी इथून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मिरासदारांच्या मुलीला कळा सुरू झाल्या. कठीण दिसत होतं. माणिक्कमने किल्ली फिरवली तर बॅटरीत जीव नव्हता. आपोआप गियर पडणारी गाडी, ढकलून सुरू होण्यातली नव्हती. तरी दहा माणसांनी कालव्याच्या रस्त्याने ढकलून पाहिली. मग बैलगाडी जुंपली. ओरत्तनाडूपर्यंत बैलगाडी, तिथून पहिली बस. तंजावरच्या इस्पितळात पोचेपर्यंत चार तास गेले. मुलगी वाचली. बाळ गेलं. मुलगा होता. माणिक्कम रेडिओ चालू ठेवून झोपला असं सगळ्यांनी ठरवलं. तो नाही म्हणत राहिला. त्याच दिवशी त्याला गावातून काढलं.

सांबण्णा ऐकत होते तोवर त्यांचा हात मडगार्डावरच होता. मग त्यांनी बॅटरीची वायर सुटी केली. टिक्-टिक् थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली.

गाडी त्यांनी शेडमध्येच ठेवून घेतली. त्या संध्याकाळी त्यांनी एरियल बाहेर काढून आमच्या मधल्या पडवीत आणलं आणि आई, वैनी आणि मी अशा तिघींना दाखवलं. दांडी खाली पोचली की मोटरचा प्रवाह तोडणाऱ्या दोन छोट्या पट्ट्या होत्या. त्यांची टोकं वितळून एकमेकांना चिकटली होती. दांडी खाली गेल्यावरही आत मोटर फिरतच राहायची, चाकाचे दाते निसटत राहायचे, आणि रात्रभर बॅटरी पीत राहायची. माणिक्कमने रेडिओ बंद केला तेव्हा त्याला नेहमीचीच घरघर ऐकू आली असणार. ती संपेपर्यंत कोण थांबतं. तो गाडी नारळीच्या बागेतल्या छपरात ठेवून झोपायला गेला.

"इंजिन सुरू करूं देण्याआधीं इथें थांबायला पाहिजे होतें तें मी," सांबण्णा म्हणाले. "दांडी खालीं गेलेली डोळ्यांनीं पाहिली. खालीं गेली म्हणजे थांबली असें समजलों. कान असलेला कुणीहि फसला नसता."

ऐकू येईनासं होऊन पाच वर्षं झाली होती. आधी उजवा कान गेला, मग डावा. स्क्रूड्रायव्हरचं टोक डायनमोवर आणि मूठ कानामागच्या हाडावर ठेवली की थोडं काही कळायचं, तेवढ्यावर त्यांनी निभावलं. वैनींखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. ऐकू न येणाऱ्या माणसाकडे गाडी कोण देणार.

"मी जाऊन सांगतों," ते म्हणाले.

वैनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना दम्याचा त्रास होता, बोलताना थांबायच्या. "सांगून काय? मूल परत येतें का?"

"मूल नहीं येत. माणिक्कम येईल."

वैनी म्हणाल्या, "मी नहीं येणार. मला तिथें ऐकवणार नहीं."

सांबण्णा माझ्याकडे वळले. "शांता, तूं येशील? तुझें बोलणें मला कळतें. टेलिफोनवर बोलतात तसें तूं एकेक शब्द सोडवून बोलतेस. ते बोलतील तें मला सांगायचें. अस्कें. कांहीं गाळायचें नहीं."

माझ्या सुटीच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं बसने ओरत्तनाडूला उतरलो आणि कालव्याच्या बांधावरून चालत गेलो. सांबा भाताची कापणी झाली होती, शेतांत नुसते खुंट उरले होते. सांबण्णांनी धुतलेली वेष्टी आणि पांढरा शर्ट घातला होता.

मिरासदार ओट्यावर वेताच्या खुर्चीत बसले होते. बाजूला हिशेबनीस आणि गावातली चार-पाच माणसं. त्यांनी बसा म्हटलं, सांबण्णा बसले नाहीत. त्यांनी उभ्यानेच तमिळमध्ये सांगितलं, न अडखळता, जणू पाटीवर लिहिल्यासारखं. एरियलची मोटर थांबत नव्हती. त्याने बॅटरी उतरली. ती थांबत नाही हे मला कळलं नाही कारण मला ऐकू येत नाही. मला ऐकू येत नाही हे मी लपवलं. माणिक्कमची ह्यात काही चूक नाही.

मग मिरासदार हळू आवाजात बोलायला लागले. सांबण्णा माझ्याकडे तोंड करून उभे राहिले.

"विचारतात, तुला ऐकूं येत नहीं हें तुला माहीत होतें ना?"

"होतें."

"तरी लोकांच्या गाड्या घेत होतास?"

"घेत होतों."

मग मिरासदारांचा आवाज चढला. ते जे बोलले ते बापाचं बोलणं होतं, त्याला मी नावं ठेवत नाही. पण त्यातला प्रत्येक शब्द माझ्या तोंडून पुन्हा बाहेर पडायचा होता, तोही मोठ्याने आणि स्पष्ट. त्यांचं तमिळ मी मराठीत सांगत होते, आणि ओट्यावरची माणसं न कळणाऱ्या भाषेतल्या त्या शिव्या माझ्या तोंडून ऐकत होती. एका वाक्यापाशी माझी जीभ वळेना.

"थांबलीस," सांबण्णा म्हणाले. "पुढें काय म्हणाले?"

"अण्णा, राहूं द्या."

"सांग."

मी सांगितलं. तुझ्या घरी पोरबाळ नाही, म्हणून तुला काही वाटत नाही, असं मिरासदार म्हणाले होते. सांबण्णांनी ते ऐकून घेतलं आणि मान थोडी खाली केली.

"गाडी आली की ती दांडी उपटून कालव्यात फेका," मिरासदार हिशेबनिसाला म्हणाले.

"फेकायची कशाला?"

आवाज दारातून आला. त्यांची मुलगी उंबऱ्याच्या आत उभी होती. फिकट, केस न विंचरलेली, एका हाताने चौकट धरलेली. तिने सांबण्णांकडे पाहिलं नाही. बापाकडे पाहून म्हणाली, "माणिक्कम कुठे आहे, अप्पा?"

मिरासदारांनी हिशेबनिसाकडे पाहिलं.

"मीसुद्धा त्याला नाही नाही ते बोलले," ती म्हणाली. "इस्पितळात. तो दाराशी उभा होता आणि मी बोलले. त्याला शोधून आणा." मग म्हणाली, "आणि ती दांडी ह्यांनीच नीट करून द्यावी. दुसऱ्या कुणी नको." आणि ती आत गेली.

मी सगळं सांगितलं. सांबण्णा म्हणाले, "करतों." त्यांनी हात जोडले आणि आम्ही निघालो.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर पाहत होते. तंजावर जवळ आलं तेव्हा त्यांनी मला विचारलं, "ती मुलगी 'ह्यांनीं' म्हणाली, का 'ह्यानें'?"

तमिळमध्येही तो फरक आहे. मी आठवून पाहिलं. "ह्यांनीं म्हणाली."

"खरें सांगतेस ना?"

"खरें, अण्णा."

त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं आणि परत बाहेर पाहायला लागले.

त्या एरियलवर त्यांनी पुढचे बारा दिवस काम केलं. दुसऱ्या गाड्या घेतल्या नाहीत. चिकटलेल्या पट्ट्या टाकून नव्या कापल्या. टोकं वितळू नयेत म्हणून त्यांना चांदी लागते, असं ते म्हणाले. वैनींनी देवघरातली मोडकी चांदीची पळी आणून त्यांच्यापुढे ठेवली. तिचा दांडा कापून त्यांनी दोन बारीक टिकल्या केल्या आणि पट्ट्यांना जोडल्या. मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी त्या गाडीत मुळात नव्हती. गाडीच्या पुढच्या फळीवर एक तांबडा दिवा बसवला, करंगळीच्या नखाएवढा. मडगार्डातली मोटर फिरत असेपर्यंत तो लागायचा, थांबली की विझायचा.

एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी मला शेडमध्ये स्टुलावर बसवलं. गाडीच्या मडगार्डावर दोन्ही तळवे ठेवून डोळे मिटले. दिव्याकडे पाहायचं नाही, असं त्यांनी स्वतःला घालून घेतलं होतं. वैनींनी आतलं बटण दाबायचं, दांडी वर जायची, खाली यायची. मोटर थांबली की त्यांनी "थांबली" म्हणायचं आणि मी ऐकून खरंखोटं करायचं. पहिल्या दिवशी ते दर वेळी माझ्या मागे पडायचे. कधी मोटर थांबल्यावरही त्यांना ती फिरते आहे असं वाटायचं.

"परत," ते म्हणायचे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांचं आणि माझं "थांबली" एकाच वेळी यायला लागलं. पाचव्या दिवशी एकदा ते म्हणाले "थांबली नहीं", आणि मला तर काहीच ऐकू येत नव्हतं. दिवा पाहिला तर लागलेला. शेजारच्या कारखान्यातल्या लेथचा आवाज सुरू झाला होता, त्यात माझे कान फसले होते. त्यांनी डोळे उघडले. हसले नाहीत. म्हणाले, "अत्ता देतों गाडी."

गाडी न्यायला माणिक्कम आला. मिरासदारांनी त्याला पट्टुकोट्टैहून शोधून आणलं होतं, तिथे तो लॉरीवर होता. त्याआधी सांबण्णाही त्याला भेटायला पट्टुकोट्टैला जाऊन आले होते, हे मला नंतर वैनींकडून कळलं. तिथे काय बोलणं झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. शेडमध्ये माणिक्कमने तांबडा दिवा लागतो-विझतो ते तीनदा पाहिलं, मग खाली वाकून मडगार्डाला स्वतःचा कान लावला. सांबण्णा बाजूला उभे राहिले. वैनींनी पितळी पेल्यात कॉफी आणून ठेवली. त्याने ती घेतली नाही. किल्ली घेतली आणि गेला.

तो पुढेही यायचा, महिन्या-दोन महिन्यांनी, गाडीचं काही असलं की. काम नीट पाहून न्यायचा. कॉफी मात्र कधी घेतली नाही. वैनी प्रत्येक वेळी ठेवायच्या आणि तो गेल्यावर उचलून आत न्यायच्या.

गाडी गेली त्याच आठवड्यात सांबण्णांनी एक पत्रा रंगवून शेडच्या तोंडाशी लावला. त्यावर तमिळमध्ये लिहिलं होतं, "दुकानदाराला ऐकू येत नाही." त्याखाली काही नाही. मी म्हटलं, "अण्णा, काम चांगलें करतों असेंहि लिहा." ते म्हणाले, "तें गिऱ्हाइकानें पाहावें. हें मी सांगायला पाहिजे."

निम्मी गिऱ्हाइकं तुटली. काही मुद्दाम आली, बहुतेक बघायला. वैनींच्या चेहऱ्यावर काळजी दिसायची. पण त्या एकदा आईला म्हणाल्या की पाच वर्षांनी पहिल्यांदा हा माणूस रात्री सरळ झोपतो आहे. पंगतीत आता ते लोकांना सांगायचे, "माझ्याकडें पाहून बोला, हळू बोला." आणि गप्प बसायचे. पूर्वीचं ते सतत बोलणं थांबलं. मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं राहिले, पण त्यांना कुणाचं तरी ऐकताना मी पाहिलं ते त्यानंतरच.

दीड-दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं आणि मी पुण्याला आले. आई होती तोवर दर वर्षी जायची. सांबण्णांच्या कपाळावर सुरकुत्या वाढलेल्या दिसायच्या, वैनींचा दमा वाढलेला दिसायचा. मिरासदारांच्या मुलीला पुढे मूल झालं का, हे मी कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. कदाचित त्यांनाही माहीत नसेल.

त्यांना शेवटचं पाहिलं ते सदुसष्टच्या आसपास, तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी. त्या दिवशी कावेरीला नवं पाणी आलेलं असतं आणि गावं नदीवर लोटतात. मी तिरुवैयारूला एका नातेवाइकांकडे निघाले होते. पुलावर गर्दीमुळे बस थांबली. खाली घाटावर बायका दिवे सोडत होत्या, पुजारी ओरडत होते, कडेला ढोल वाजत होते. त्या सगळ्यांत मला सांबण्णा दिसले. गुडघाभर पाण्यात उभे, ओली वेष्टी, हात मोकळे सोडलेले, डोळे मिटलेले. वैनी एक पायरी वर उभ्या राहून त्यांचं कोपर धरून होत्या, कारण पाणी वाढतं आहे असं कुणी ओरडलं असतं तर ते त्यांना कळलं नसतं.

मी खिडकीतून हाक मारली. "अण्णा."

पुन्हा मारली. पुलावरची माणसं माझ्याकडे पाहायला लागली. वैनींनी मान वर केली, शोधलं, आणि मी त्यांना दिसले. त्यांनी सांबण्णांच्या खांद्याला हात लावून पुलाकडे बोट दाखवलं. त्यांनी डोळे उघडले. पुलावर बसा, बैलगाड्या, शेकडो माणसं. सांबण्णा इकडून तिकडे पाहत राहिले. मी खिडकीतून हात हलवत होते, पण त्यांची नजर माझ्या बसवरून पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली.

बस सुटली. वैनी अजून बोट दाखवत होत्या. सांबण्णांनी मग शोधणं सोडलं, कोण हाक मारतं आहे ते न कळताच दोन्ही हात जोडले, आणि सगळ्या पुलाला नमस्कार केला.